मेंढपाळाचा पोर आणि फ्लॉरेन्स नगरी

एखादे शहर आपला अभिमान कोठे साठवून ठेवते, हा मोठा कुतूहलाचा विषय आहे. कोणी तो किल्ल्याच्या बुरुजात साठवते, कोणी नदीच्या घाटात, तर कोणी देवळाच्या कळसात. इटलीतील फ्लॉरेन्स नगरीने मात्र आपला अभिमान साठवला तो एका परमुलखातील मेंढपाळाच्या पोरात. हा पोर इटलीचा नव्हे, ख्रिस्ताच्या काळातलाही नव्हे. तो यहुदी लोकांच्या प्राचीन धर्मग्रंथातला. बायबलच्या मराठी भाषांतरात त्याचे नाव दावीद असे येते. इंग्रजीतून आपण त्याला डेव्हिड म्हणून ओळखतो.

मायकेल अँजेलोने घडवलेल्या डेव्हिडच्या पुतळ्याचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी कोठे ना कोठे पाहिले असेल. कलेच्या इतिहासाची पुस्तके त्याच्या स्नायूंविषयी, प्रमाणबद्धतेविषयी आणि उभे राहण्याच्या ढबीविषयी भरभरून लिहितात. ते सर्व खरेच आहे. परंतु मला पडलेला प्रश्न थोडा निराळा आहे. चर्चच्या इमारतीसाठी घडवायला सांगितलेली ही मूर्ती राज्यकारभाराच्या वाड्याच्या दारात कशी येऊन उभी राहिली? धर्मग्रंथातली एक कथा एका शहराच्या मालकीची कशी झाली? आणि त्या शहरात ‘आपण’ म्हणून कोणाला मोजले जात होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा माझ्या परीने विचार केला आहे.

प्रथम मूळ कथा पाहू. ती ‘शमुवेल’ या नावाच्या पहिल्या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात आहे. इस्राएल लोकांचा राजा शौल आणि पलिष्टी लोक यांची सैन्ये एलाच्या खोऱ्यात समोरासमोर ठाकली होती. पलिष्ट्यांच्या बाजूने गथ गावचा गल्याथ नावाचा एक प्रचंड योद्धा रोज पुढे येई आणि एकास एक लढण्याचे आव्हान देई. त्याची उंची सहा हात आणि एक वीत. अंगात पितळी चिलखत, हातात जाडजूड भाला. चाळीस दिवस हा प्रकार चालला, पण त्याच्यासमोर जाण्याची कोणाचीच छाती होईना.

बेथलेहेम गावच्या इशायाला आठ मुलगे होते. वरचे तिघे लढाईवर गेलेले. सर्वांत धाकटा दावीद बापाची मेंढरे राखी. एके दिवशी बापाने त्याला भावांसाठी भाजलेले धान्य आणि दहा भाकरी देऊन छावणीत धाडले. तेथे त्याने गल्याथाचे आव्हान ऐकले आणि चौकशी सुरू केली. तेव्हा थोरला भाऊ त्याच्यावर खेकसला, आणि रानातली ती थोडीशी मेंढरे कोणाच्या भरवशावर टाकून आलास, असे त्याला विचारले. घरातल्या धाकट्याने मोठ्यांच्या गोष्टीत तोंड घातले की त्याला जे ऐकावे लागते, तेच हे. गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजाने त्याला आपले चिलखत, टोप आणि तलवार दिली. दावीदाने ती अंगावर चढवून पाहिली आणि काढून ठेवली, कारण त्या वस्तूंची त्याला सवय नव्हती. हातात काठी घेतली, ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे वेचून बटव्यात टाकले, आणि गोफण घेऊन तो निघाला. पहिलाच गोटा गल्याथाच्या कपाळात रुतला. दावीदाजवळ तलवार नव्हती. त्याने गल्याथाचीच तलवार उपसून त्याचे मुंडके उडवले.

येथे गोफणीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण शहरातल्या वाचकाला ते खेळणे वाटण्याचा संभव आहे. आमच्या घरी आजोबांच्या पिढीपर्यंत मेंढरे होती. त्यांनी स्वतः वळलेली लोकरीची एक गोफण अजून आमच्या घरात खुंटीला आहे. मध्ये गोटा ठेवण्यापुरती विणलेली पट्टी आणि तिच्या दोन बाजूंना दोन दोऱ्या. एका दोरीचा फास बोटात अडकवायचा, दुसरी चिमटीत धरायची, गरगर फिरवून नेमक्या क्षणी चिमटीतली दोरी सोडायची. गोटा सणसणत जातो. जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर बसून पाखरे उडवणारा राखण्या आणि कळपापासून फुटलेले मेंढरू वळवणारा मेंढपाळ, दोघांचेही ते रोजचे हत्यार आहे. नेम चुकून कोणाला लागला तर मात्र कपाळमोक्ष ठरलेला. तेव्हा दावीद निःशस्त्र गेला असे म्हणणे बरोबर नाही. तो आपले स्वतःचे, सरावाचे हत्यार घेऊन गेला. चमत्कार म्हणून ही कथा वाचणाऱ्यांनी एवढे अवश्य ध्यानात घ्यावे.

आता आपण फ्लॉरेन्सकडे वळू. इटली हे त्या काळी एक राष्ट्र नव्हते. मिलानमध्ये ड्यूक, नेपल्समध्ये राजा, रोममध्ये पोप, व्हेनिसमध्ये व्यापारी सरदारांचे प्रजासत्ताक, अशी तेथे अनेक स्वतंत्र राज्ये होती. आर्नो नदीच्या काठचे फ्लॉरेन्स हेही प्रजासत्ताक म्हणवून घेई. कारभार पाहणाऱ्या मंडळाला ‘सिन्योरिया’ म्हणत. त्यात आठ सभासद आणि एक ध्वजधारी प्रमुख असे नऊ जण असत, आणि ही माणसे दर दोन महिन्यांनी बदलत. एका माणसाच्या हाती सत्ता साचू नये, हा त्यातला हेतू. शहराची श्रीमंती लोकरीच्या कापडावर आणि सावकारीवर उभी होती. सैन्याच्या बाबतीत मात्र शहर दुबळे. लढाईची वेळ आली की भाडोत्री सरदार आणावे लागत.

पंधराव्या शतकाच्या आरंभी या शहरावर दोन मोठी संकटे आली. मिलानचा ड्यूक जान गालेआत्सो व्हिस्कोंती याने आसपासची शहरे गिळत आणली, आणि आता फ्लॉरेन्सची पाळी असे वाटत असतानाच 1402 साली तो आजारी पडून मेला. पुढे नेपल्सचा राजा लादिस्लाव चालून आला, तोही 1414 साली मरण पावला. आपण लहान, शत्रू प्रचंड, आणि तरीही आपण वाचलो! अशा शहराला दावीदाची गोष्ट जवळची वाटली नसती तरच नवल.

या सुमारास एका मूर्तीने जागा बदलली. ती हकीकत मला फार अर्थपूर्ण वाटते. दोनातेल्लो नावाच्या तरुण शिल्पकाराला 1408 साली मुख्य चर्चच्या वरच्या भागात बसवण्यासाठी दावीदाची एक संगमरवरी मूर्ती करायला सांगितली होती. मूर्ती माणसापेक्षा किंचित उंच. पायाशी गल्याथाचे मुंडके. चर्चच्या योजनेत हा दावीद अनेक संदेष्ट्यांपैकी एक होता. त्याचा संबंध धर्माशी, शहराशी नव्हे. 1416 साली सिन्योरियाने ती मूर्ती चर्चच्या बांधकाम खात्याकडून मागून घेतली आणि आपल्या वाड्यात ठेवली. तिच्यासोबत एक लॅटिन लेखही होता. त्याचा आशय असा, की जे मायभूमीसाठी शौर्याने लढतात त्यांना अतिभयंकर शत्रूविरुद्धही देव साहाय्य करतात. तीच मूर्ती, तोच दगड. परंतु चर्चमधून वाड्यात आल्यावर ‘देवाचा निवडलेला’ दावीद ‘मायभूमीसाठी लढणारा’ दावीद झाला. कथेतला एक शब्दही न बदलता तिचा अर्थ बदलला. जागेत केवढे सामर्थ्य असते पाहा!

यापुढचा टप्पा मेदिची घराण्याचा. हे मूळचे सावकार. 1434 पासून या घराण्यातील कोसिमोने शहराचा कारभार जवळजवळ आपल्या मुठीत घेतला. तो राजा झाला नाही. सिन्योरिया होती, निवडी होत होत्या, फक्त निवडून कोण यावे हे आधी ठरलेले असे. या मेदिचींच्या वाड्याच्या चौकात दोनातेल्लोचाच आणखी एक दावीद उभा होता, ब्राँझमध्ये ओतलेला, विवस्त्र, डोक्यावर टोपी, पाय गल्याथाच्या मुंडक्यावर. त्याच्याखालच्या लॅटिन ओळी जुन्या हस्तलिखितांतून कळतात. एका पोराने मोठ्या जुलमी पुरुषाला लोळवले, तेव्हा नागरिकांनो, विजयी व्हा, अशा अर्थाच्या त्या आहेत. गंमत अशी, की शहराची सत्ता हळूहळू आपल्या घरात नेणाऱ्या सावकाराने जुलूमशाहीविरुद्धचे प्रतीकही आपल्याच घराच्या चौकात नेऊन ठेवले होते. ‘आम्हीच दावीद, शहराचे रक्षक आम्हीच,’ असे जणू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितले जात होते.

पण चौकातला दावीद चौकात राहिला नाही. 1494 साली फ्रान्सचा राजा इटलीत उतरला. त्याच्यापुढे नांगी टाकणाऱ्या पिएरो मेदिचीला लोकांनी शहराबाहेर घालवले. पुढच्याच वर्षी तो ब्राँझचा दावीद मेदिचींच्या वाड्यातून उचलून सिन्योरियाच्या वाड्याच्या चौकात आणला गेला. त्याच्याबरोबर युदिथ या यहुदी स्त्रीची मूर्तीही आणली. तिने शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याचे मुंडके कापल्याची कथा आहे. ही मूर्ती वाड्याच्या दारापुढे बसवून तिच्यावर लेख कोरला, की सार्वजनिक कल्याणाचा आदर्श म्हणून नागरिकांनी ही येथे 1495 साली स्थापली. म्हणजे जे प्रतीक सावकाराने घरात नेले होते, ते नागरिकांनी पुन्हा रस्त्यावर आणले.

आता मायकेल अँजेलोच्या दावीदाकडे येऊ. चर्चच्या आवारात संगमरवराचा एक अवाढव्य ठोकळा पडून होता. कारारा येथील खाणीतून आणलेल्या या दगडावर 1464 साली एकाने काम सुरू केले, नंतर दुसऱ्याने हात लावला, पण दोघांनीही ते सोडून दिले. उन्हापावसात तो दगड वर्षानुवर्षे पडला. अखेर ऑगस्ट 1501 मध्ये 26 वर्षांच्या मायकेल अँजेलोला ते काम मिळाले. दोन वर्षांची मुदत, दरमहा सहा सोन्याची नाणी. पुढे एकूण मोबदला 400 नाणी ठरला. हे काम देणारे कोण, ते पाहण्यासारखे आहे. चर्चच्या बांधकामाची व्यवस्था लोकर-व्यापाऱ्यांच्या बलाढ्य संघाकडे होती. त्या संघाने हे काम दिले. मेंढपाळाच्या पोराची मूर्ती लोकरीच्या पैशातून उभी राहिली!

ही मूर्ती 5 मीटर 17 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 17 फूट उंच आहे. आधीच्या मूर्तींत आणि हिच्यात एक मोठा फरक आहे. येथे गल्याथाचे मुंडके नाही. लढाई अजून व्हायची आहे. डाव्या खांद्यावर गोफण टाकलेली, उजव्या हाताच्या शिरा फुगलेल्या, कपाळाला आठी, नजर दूर कोणावर तरी खिळलेली. शत्रू दिसत नाही. तो कोण हे पाहणाऱ्याने ठरवायचे. 1501 ते 1504 या काळात फ्लॉरेन्सला शत्रूंची वाण नव्हती. हद्दपार मेदिची परत येण्याची संधी शोधत होते. पोपचा मुलगा चेझारे बोर्जिया जवळच्या मुलखात धुमाकूळ घालत होता. पिसा शहर 1494 पासून बंड करून स्वतंत्र झाले होते. अशा शहराला विजयाच्या आठवणीपेक्षा सावधपणाची गरज अधिक होती.

एवढी मोठी मूर्ती चर्चवर चढवणे अवघडच. मग ती ठेवायची कोठे? हा प्रश्न सोडवण्यासाठी 25 जानेवारी 1504 रोजी सुमारे तीस जणांची एक बैठक भरली. लिओनार्दो दा विंची, बोत्तिचेल्ली, फिलिप्पिनो लिप्पी अशी नामवंत मंडळी तीत होती, कारागीरही होते. या बैठकीचा वृत्तान्त उपलब्ध आहे. सिन्योरियाच्या भालदाराने सुचवले, की दारातली युदिथ काढून तेथे ही मूर्ती ठेवावी. एका स्त्रीने पुरुषाला मारावे हे शोभत नाही, आणि ती तेथे बसवल्यापासून सगळे वाईटच घडत गेले, पिसाही हातचे गेले, असे त्याचे म्हणणे. शिल्पकार व वास्तुज्ञ जुलियानो दा सांगाल्लो म्हणाला, की संगमरवर आधीच ठिसूळ झाला आहे, तेव्हा मूर्ती चौकाशेजारच्या छपराखाली ठेवावी. लिओनार्दोनेही यालाच दुजोरा दिला. म्हणजे एका पक्षाला दगडाची काळजी होती आणि दुसऱ्याला अर्थाची. अखेर अर्थाचा पक्ष जिंकला. युदिथ हलली आणि दावीद वाड्याच्या दारापुढे उभा राहिला.

मूर्ती हलवण्याची हकीकत लुका लांदुच्ची नावाच्या एका दुकानदाराच्या रोजनिशीत आहे. 14 मे 1504 रोजी मूर्ती आवारातून बाहेर काढली. त्यासाठी दाराच्या वरची भिंत फोडावी लागली. चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून चाळीसहून अधिक माणसे ती ओढत होती, आणि अर्ध्या मैलाहूनही कमी असलेले ते अंतर तोडायला चार दिवस लागले. रात्री कोणीतरी मूर्तीवर दगडफेक केली, म्हणून पहारा बसवावा लागला. दगड मारणारे मेदिचींच्या बाजूचे असावेत, असे अभ्यासक मानतात. गोफणगुंड्याने राक्षस पाडणाऱ्या दावीदावर अंधारात दगड पडावेत, यातला विरोधाभास सांगायला नकोच. पण यावरून एक गोष्ट सिद्ध होते. मूर्तीचा अर्थ शहरात सर्वांना कळला होता. ज्याचा अर्थ कळत नाही, त्याला दगड कोण मारील?

येथवर सर्व ठीक. परंतु नागरी अभिमानाची ही गोष्ट येथेच आनंदाने संपवावी, असे मला वाटत नाही. फ्लॉरेन्सचे लोक या मूर्तीला काय म्हणत? त्या वेळच्या कागदपत्रांत तिचा उल्लेख ‘राक्षस’, ‘महाकाय’ या अर्थाच्या शब्दाने येतो. आपल्याकडे ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ अशी म्हण आहे. दावीदाची कथा म्हणजे या म्हणीचे मूर्तिमंत उदाहरण. फ्लॉरेन्सने मात्र त्या लहान मूर्तीलाच 17 फुटी केले. कथेतला लहानगा चौकात येता येता स्वतःच गल्याथाएवढा झाला, नव्हे, त्याहूनही उंच.

हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत. वर पिसाचा उल्लेख आला. हे शहर फ्लॉरेन्सने 1406 साली जिंकून आपल्या अमलाखाली आणले होते. 1494 साली ते सुटले, आणि 1509 साली दीर्घ युद्धानंतर फ्लॉरेन्सने ते पुन्हा घेतले. दावीदाची मूर्ती घडत होती, चौकात उभी राहत होती, त्याच वर्षांत फ्लॉरेन्सचे सैन्य एका लहान शहराचे स्वातंत्र्य हिरावण्यासाठी लढत होते. पिसाच्या माणसाने त्या मूर्तीकडे पाहिले असते तर त्याला कोण दिसले असते, दावीद की गल्याथ?

शहराच्या आतही हाच प्रश्न होता. लोकरीच्या धंद्यात पिंजणारे, धुणारे, विंचरणारे असे हजारो मजूर होते. त्यांना स्वतःचा संघ काढण्याची परवानगी नव्हती, आणि संघाविना राज्यकारभारात स्थान नव्हते. 1378 च्या जुलै महिन्यात हे मजूर उठले. त्यांनी तो वाडाच ताब्यात घेतला आणि मिकेले दी लांदो या लोकर पिंजणाऱ्याला ध्वजधारी प्रमुख केले. त्यांचे संघ स्थापन झाले. पण चार वर्षांच्या आत, 1382 पर्यंत, ते सर्व मोडून टाकण्यात आले. दावीदाच्या मूर्ती त्या वाड्यात आल्या त्या यानंतर. दोनातेल्लोचा बापही लोकरीच्या कामातला होता, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

1494 साली मेदिची गेल्यावर कारभार अधिक लोकांच्या हाती यावा म्हणून महासभा स्थापन झाली. सावोनारोला या धर्मोपदेशकाने तिचा मोठा पुरस्कार केला होता. साठ हजारांच्या आसपास वस्तीच्या शहरात या सभेत बसण्याचा हक्क सुमारे तीन हजार पुरुषांना होता. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पात्रतेची अट अशी होती, की स्वतः त्या माणसाची किंवा त्याच्या बापाची, आजाची वा पणज्याची निवड पूर्वी शहराच्या प्रमुख पदांसाठी झालेली असली पाहिजे. ही अट वाचली आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. आजोबांनी मेंढरे राखली, वडील दुसऱ्याच्या शेतावर राबतात. अशा अटीवर मला कोणत्या सभेत जागा मिळाली असती? मग लक्षात आले, की प्रत्यक्ष दावीदालाही मिळाली नसती. इशायाचा आठवा मुलगा, रानातला गुराखी. त्याची 17 फुटी मूर्ती वाड्याच्या दारात उभी होती. तो स्वतः आला असता तर त्याला दारातूनच परतावे लागले असते.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. 1512 साली मेदिची परत आले. 1527 साली त्यांच्याविरुद्ध पुन्हा उठाव झाला. त्या धामधुमीत वाड्याच्या खिडकीतून एक बाक खाली फेकला गेला. तो मूर्तीवर आदळला आणि तिचा डावा हात मोडून त्याचे तीन तुकडे झाले. पुढे चित्रकार व कलावंतांचा चरित्रकार म्हणून नावाजलेला व्हासारी तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा होता. त्याने आणि त्याचा मित्र साल्व्हियाती याने धावत जाऊन ते तुकडे गोळा केले, असे तो स्वतः सांगतो. 1529-30 मध्ये सम्राट आणि पोप यांच्या फौजांनी शहराला दहा महिने वेढा घातला. तटबंदीच्या कामावर खुद्द मायकेल अँजेलो होता. उपासमार आणि रोगराई यांनी जेरीस आलेले शहर ऑगस्ट 1530 मध्ये शरण गेले. 1532 साली प्रजासत्ताक संपले आणि मेदिची ड्यूक झाले. या खेपेस गोफण चालली नाही.

नव्या सत्तेने दावीद पाडला नाही. 1534 साली त्याच्या शेजारी बांदिनेल्लीने घडवलेली हर्क्युलिसची धिप्पाड मूर्ती बसवली. 1543 साली ड्यूक कोसिमोने दावीदाचा मोडलेला हातही जोडून घेतला. 1554 साली समोरच्या छपराखाली मेदुसेचे मुंडके हाती धरलेला चेल्लीनीचा ब्राँझचा पर्सियस आला. प्रतीक नष्ट करण्यापेक्षा त्याला सांभाळून, शेजारी आपली प्रतीके उभी करून निरुपद्रवी करणे सोपे असते, हे या राज्यकर्त्यांनी ओळखले असावे. पुढे सांगाल्लो आणि लिओनार्दो यांची भीती खरी ठरली; ऊनपावसाने दगड झिजू लागला. 1873 साली मूळ मूर्ती कलादालनात हलवली, आणि 1910 साली तिच्या जुन्या जागी प्रतिकृती बसवली. आज मूळ मूर्ती अकादेमिया नावाच्या संग्रहालयात आहे. तेथे तिला छप्पर आहे, पहारा आहे, तिकीट आहे. वाड्याच्या दारात उभी आहे ती नक्कल.

या सर्वातून काय निष्पन्न होते? माझ्या अल्पमतीप्रमाणे एवढेच, की प्रतीक घडवणाऱ्याच्या हाती त्याचा अर्थ कायमचा राहत नाही. दावीद चर्चचा होता, तो नगरसभेचा झाला. सावकाराच्या चौकात गेला, तेथून नागरिकांच्या चौकात आला. ड्यूकच्या अमलाखाली नुसता शोभेचा होऊन राहिला. ज्याने त्याने त्याला आपल्या बाजूला उभे केले. पण मूळ कथा कोणालाच बदलता आली नाही. त्या कथेत जिंकतो तो भाकरी पोचवायला आलेला, भावाने हिणवलेला, घरातला शेवटचा मुलगा. तो राजाचे चिलखत नाकारतो आणि हाती असलेल्या, अंगवळणी पडलेल्या साधनावर विसंबतो. म्हणूनच फ्लॉरेन्सने तिच्याभोवती कितीही अटी घातल्या, तरी ज्यांची नावे कोणत्याच यादीत नव्हती त्या लोकर पिंजणाऱ्यांच्या मुलांनाही त्या मूर्तीखालून जाताना ती गोष्ट आपली म्हणता येत होती.

शहराने अभिमान जरूर बाळगावा. मात्र आपल्या चौकातल्या मूर्तीची गोष्ट त्याने अधूनमधून पहिल्यापासून वाचून पाहावी, आणि त्या गोष्टीतला माणूस आज आपल्या दारात आला तर आपण त्याला आत घेऊ का, हेही स्वतःला विचारावे. फ्लॉरेन्सने विचारले असते, तर 1378 च्या मजुरांना आणि 1509 च्या पिसाला त्याचे उत्तर निराळे मिळाले असते.